चारशे पौंडांचा विश्वास

लग्न ठरू घातलेली आमची एक भाची परवा घरी आली होती. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घरची माणसंही चांगली. अडचण एकच, तो देव मानत नाही. मी रोज सकाळी पूजा करते आणि आमचे हे गेली चाळीस वर्षं देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत उभे राहतात, हे तिला ठाऊक. म्हणूनच ती माझ्याकडे आली. स्वतःच्या संसाराबद्दल शहाणपणाचं बोलायला मला काही सुचेना. मी तिला चार्ल्स डार्विनची गोष्ट सांगितली.

डार्विन म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातली माकडं आणि ती पांढरी दाढी आठवते. पण १८३८ च्या जुलैत तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. 'बीगल' जहाजावरून जगाची फेरी करून परतलेला, आणि लग्न करावं की नाही या विवंचनेत पडलेला. त्याने काय करावं? एका कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे मुलंबाळं, म्हातारपणची सोबत, घर सांभाळणारं माणूस. दुसरीकडे हवं तिथे जाण्याची मोकळीक, पुस्तकांना लागणारा पैसा, वाया जाणारा वेळ. बँकेत सारा जन्म जमा-नावे करण्यात घालवलेल्या मला या कागदाचं भारी कौतुक वाटतं. बाकी निघाली ती लग्नाच्या बाजूने.

मुलगी घरातलीच होती. एमा वेजवुड ही त्याची मामेबहीण, त्याच्याहून नऊ महिन्यांनी मोठी. चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं घराणं. एमा श्रद्धाळू होती, पण तिची श्रद्धा डोळे मिटून केलेली नव्हती. वाचून, विचार करून ती तिथे पोचली होती. तिच्या पाठीला पाठ लावून आलेली बहीण फॅनी १८३२ मध्ये गेली. गेलेली माणसं पुन्हा भेटतात, या आशेवर एमाने ते दुःख पचवलं होतं.

आणि इकडे चार्ल्सच्या मनात शंकांनी घर केलेलं. त्याचे वडील डॉक्टर. त्यांनी मुलाला सल्ला दिला की या शंका बायकोपासून लपवून ठेव. नवऱ्याच्या परलोकाच्या काळजीने झुरणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. सल्ला मायेचाच होता. चार्ल्सने तो मानला नाही. लग्नाआधीच त्याने एमाला सगळं सांगून टाकलं.

ती दुखावली, घाबरलीही. पण मोकळेपणाबद्दल तिने त्याचे आभार मानले. २९ जानेवारी १८३९ ला लग्न झालं. त्यानंतर लवकरच तिने त्याला एक पत्र लिहिलं. पुरावा मिळाल्याशिवाय काही मानायचं नाही, ही शास्त्रज्ञाची सवय जिथे पुरावा मिळणंच शक्य नाही तिथेही लागू पडते का, असा तिचा प्रश्न होता. आपण कायमचे एकमेकांचे नाही, असं वाटलं तर मला फार दुःख होईल, हेही तिने लिहिलं. चार्ल्सने ते पत्र जन्मभर जपलं. आपण कितीदा त्याचं चुंबन घेतलं आणि त्यावर रडलो, याची नोंद त्याने खाली स्वतःच्या हाताने करून ठेवली.

१८४४ मध्ये उत्क्रांतीवरचा त्याचा मोठा निबंध लिहून झाला. तब्येत सदा नरम. आपण अचानक गेलो तर चारशे पौंड खर्चून हे छापून आणावं, अशी सूचना त्याने लिहून ठेवली, ती एमाच्या नावे. ज्या लिखाणाने तिच्या श्रद्धेला धक्का पोचायचा, ते त्याने तिच्याच हवाली केलं. विश्वास ठेवणं म्हणजे आणखी काय असतं?

केंटमधल्या डाउन गावी त्यांचा संसार होता. रविवारी एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जाई. पुढे पुढे चार्ल्स आत जाईनासा झाला, तेवढ्या वेळात फिरून येई. पण गावातल्या कष्टकऱ्यांच्या मदत मंडळाचा खजिनदार म्हणून त्याने तीस वर्षं हिशेब लिहिले.

२३ एप्रिल १८५१ ला त्यांची दहा वर्षांची ॲनी मॉलव्हर्नला गेली. चार्ल्स तिच्या उशाशी होता. एमाचे दिवस भरत आले होते, तिला घर सोडता आलं नाही. चार्ल्सची उरलीसुरली श्रद्धा इथे संपली, असं त्याचे बरेच चरित्रकार मानतात. एमाने आपली श्रद्धा सोडली नाही. ॲनीच्या बारीकसारीक वस्तू तिने शेवटपर्यंत जपल्या. दुःख एकच होतं, पण त्यातून दोघं दोन वाटांनी गेली.

१८६१ मध्ये, त्याच्या दुखण्याने कासावीस होऊन, तिने पुन्हा पत्र लिहिलं. दुःखात देवाकडे वळावं, एवढंच तिचं मागणं. त्याच्या तळाशी चार्ल्सने तिला आशीर्वाद लिहिला, आणि तोही देवाचं नाव घेऊन.

१९ एप्रिल १८८२ ला तो गेला. गंमत पाहा, चर्चबाहेर फिरणाऱ्या या माणसाला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, न्यूटनजवळ पुरलं. एमा अंत्यविधीला गेली नाही, डाउनलाच राहिली. १८९६ मध्ये ती गेली आणि गावच्या चर्चच्या आवारात विसावली. त्याच्या आत्मचरित्रातलं धर्मावरचं काही कडक लिखाण तिला सोसलं नव्हतं. १८८७ च्या छापील प्रतीत ते आलं नाही. १९५८ मध्ये नातीने, नोरा बार्लोने, ते परत घातलं.

भाचीने शेवटी विचारलं, मग जिंकलं कोण? मी तिला सांगितलं की रोज रात्री ती दोघं बॅकगॅमनचे दोन डाव खेळत, आणि चार्ल्स त्याचाही हिशेब ठेवी. १८७६ च्या सुरुवातीपर्यंत त्याचे २,७९५ डाव झाले होते, तिचे २,४९०. जिंकण्या-हरण्याचा हिशेब ठेवला तो एवढ्याचाच.

मग मी तिला आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. आमच्या लग्नात वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून ह्यांचं देव न मानणं माझ्यापासून लपवलं होतं. नव्या संसाराच्या सत्यनारायणाला हे मुकाट्याने शेजारी बसले, आणि खरं मला कळलं ते वर्षभराने. देव न मानण्याचा राग आठ दिवसांत गेला. लपवल्याचा जायला फार वर्षं लागली.

निघताना ती पाया पडली. तिला मी एवढंच म्हटलं, त्याला सगळं विचार, तुझंही सगळं सांग. फक्त डार्विनच्या वडिलांचा सल्ला तेवढा ऐकू नकोस. हे दारात उभे होते. तिला बसथांब्यापर्यंत सोडायला पायांत चपला घालून कधीचे तयार.