स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (जन्म : ८ सप्टेंबर १८१७, डन्स, स्कॉटलंड, मृत्यू : ४ सप्टेंबर १८६३, टाकळघाटजवळ, नागपूर परिसर) हे स्कॉटिश धर्मोपदेशक, शिक्षक व भूवैज्ञानिक होते. दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांमध्ये दडलेल्या गोड्या पाण्यातील जीवाश्मांचा त्यांनी नागपूर परिसरात अभ्यास केला. डायनासोरांच्या विलोपनाचा काळ व त्या वेळचे पर्यावरण जाणण्यासाठी आज याच प्रकारचे थर तपासले जातात.

जीवन

एडिंबरो व ग्लासगो येथे शिक्षण झाल्यावर फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे ते भारतात आले आणि १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. तेथे तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. १८४६ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. शाळेचे व धर्मप्रसाराचे काम सांभाळून, गावोगावच्या प्रवासांत ते खडक, जीवाश्म आणि गोंड समाजाविषयीची माहिती गोळा करीत.

जीवाश्मांचा अभ्यास

लाव्हाच्या दोन थरांमधील गाळाच्या पातळ थरास अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरजवळील टाकळी येथे अशा थरात हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना शंख-शिंपले, वनस्पतींचे अवशेष व ऑस्ट्रॅकोडा या जलचरांची कवचे मिळाली. ऑस्ट्रॅकोडाचे दोन झडपांचे कवच बहुधा मिलिमीटरभरच असते. म्हणून ते भिंगाखाली पाहावे लागते. हे जीव गोड्या पाण्यातील असल्याने येथे समुद्र नव्हे, तर तलाव होता, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये दोघांचा व १८६० मध्ये हिस्लॉप यांचा स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाला. नागपूरच्या ऑस्ट्रॅकोडांचे वर्णन टी. रूपर्ट जोन्स यांनी केले.

कालनिर्णय व पुढील संशोधन

हिस्लॉप यांनी हे थर तृतीय कल्पातील, म्हणजे डायनासोरांच्या नंतरचे मानले. पुढे टाकळीच्याच थरांत डायनासोरांचे दात व अंड्यांच्या कवचाचे तुकडे सापडले. त्यामुळे हे थर क्रिटेशस काळाच्या अखेरचे ठरले. दक्षिण ट्रॅपचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. नागपूरपासून परभणी जिल्ह्यातील गंगाखेडपर्यंत आणि पुढे सह्याद्रीपर्यंत पसरलेला काळा खडक त्यांतूनच बनला. त्याच सुमारास डायनासोरांचे विलोपन झाले. त्याला हे उद्रेक किती कारणीभूत होते आणि मेक्सिकोत कोसळलेला लघुग्रह किती, यावर मतभेद आहेत. मोठ्या प्राण्यांची हाडे विरळ मिळतात. उलट मूठभर गाळातही सूक्ष्मजीवाश्म पुष्कळ असू शकतात. म्हणून ऑस्ट्रॅकोडा, परागकण व कारा शैवलांची फळे यांवरून उद्रेकांच्या मधल्या काळात कोणते जीव टिकले आणि कोणते नाहीसे झाले, याचा थरागणिक मागोवा घेता येतो. हिस्लॉप यांचा कालनिर्णय बदलला. गाळातील बारीक कवचांवरून जुने पाणी ओळखण्याची त्यांची वाट मात्र कायम राहिली.

मृत्यू व स्मृती

टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून रात्री घोड्यावरून बोरीकडे परतत असता पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. वयाची सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते. आदिवासींविषयीचे त्यांचे टिपण रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. नागपुरात १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजास त्यांचे नाव देण्यात आले. गोड्या पाण्यातील ‘हिस्लोपिया’ ही प्राणिप्रजातीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.