सत्ता गेली, पण या राजाने पट मांडणं सोडलं नाही : खेळ रचणाऱ्या म्हैसूरच्या महाराजांची गोष्ट

एका राजाकडे सिंहासन आहे, मुकुट आहे, दरबारही भरतो. पण राज्यात कर किती घ्यायचा, अधिकारी कोण नेमायचा, हे ठरवणारा माणूस दुसऱ्याच गावात बसलाय, आणि तो इंग्रज आहे. असा राजा वर्षानुवर्षं करणार तरी काय?

म्हैसूरचे महाराज कृष्णराज वाडियार तिसरे यांनी या काळात खेळ गोळा केले आणि नवे खेळ रचले. बुद्धिबळाची कोडी, सोंगट्यांचे पट, शेकडो पानांचे गंजिफा असं बरंच काही. कर्नाटकात त्यांना ‘मुम्मडी कृष्णराज’ म्हणतात. कन्नडमध्ये मुम्मडी म्हणजे तिसरा. भारतीय बैठ्या खेळांचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय पूर्णच होत नाही.

पाच वर्षांचा राजा

कृष्णराज यांचा जन्म 1794 सालचा. तेव्हा म्हैसूरवर टिपू सुलतानाची सत्ता होती आणि वाडियार घराणं श्रीरंगपट्टणला जवळपास नजरकैदेत होतं. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले.

4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. जिंकलेल्या मुलखाचा मोठा भाग कंपनी आणि निजाम यांनी वाटून घेतला. उरलेल्या म्हैसूरच्या गादीवर कंपनीने जुन्या घराण्यातला हा मुलगा बसवला. तेव्हा त्याचं वय होतं अवघं पाच वर्षं.

कारभार दिवाण पूर्णय्यांच्या हाती आला. हैदर आणि टिपू या दोघांच्याही काळात काम केलेला हा मुरलेला मुत्सद्दी. बाळराजाच्या मागे आजी लक्ष्मम्मण्णी खंबीरपणे उभ्या होत्या. पण तहातली एक अट पुढे महागात पडणार होती. म्हैसूरने कंपनीला दरवर्षी सुमारे साडेचोवीस लाख रुपये द्यायचे, आणि कारभार बिघडलाय असं वाटलं तर कंपनीला तो आपल्या हाती घेता येणार होता.

1831 : राज्य हातातून गेलं

1810 च्या सुमारास कृष्णराज यांनी कारभार स्वतःकडे घेतला. दानधर्म, देवळं, पंडित, कलावंत यांवर त्यांचा हात सैल होता. तिजोरीवर ताण येत गेला आणि कर्ज वाढलं. 1830 मध्ये नगर भागातल्या शेतकऱ्यांनी जाचक वसुलीविरुद्ध बंड केलं. कंपनीला कारण मिळालं. 1831 मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी म्हैसूरचा कारभार कंपनीकडे घेतला. बंगळूरमधून इंग्रज कमिशनर राज्य चालवू लागले. त्यातले मार्क कबन तर 1834 पासून 1861 पर्यंत त्या खुर्चीत होते. बंगळूरच्या प्रसिद्ध कबन पार्कला त्यांचंच नाव आहे.

महाराजांचं वय तेव्हा 37 होतं. त्यांना वर्षाला साडेतीन लाख रुपये आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा ठरवून देण्यात आला. पदवी राहिली, राजवाडा राहिला, अधिकार गेले.

राजवाड्यातली खेळशाळा

पैसा होता, वेळ होता, दरबारी पंडित आणि चित्रकार होते. महाराजांना संस्कृत आणि कन्नड उत्तम येत होतं, आणि बुद्धिबळाचं तर त्यांना वेडच होतं.

त्यांचा सर्वात आवडता प्रकार म्हणजे घोड्याची फेरी. बुद्धिबळाच्या पटावर घोडा अडीच घरं चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आता कोडं असं, की हा घोडा पटावरच्या 64 ही घरांत जायला हवा, पण एकाही घरात दुसऱ्यांदा नाही. भारतात हे कोडं फार जुनं आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या ‘काव्यालंकार’ ग्रंथातही ते सापडतं. तिथे प्रत्येक घरात एक अक्षर असतं आणि घोड्याच्या चालीने वाचत गेलं की श्लोक तयार होतो.

महाराजांनी अशा कितीतरी फेऱ्या रचल्या. त्यांची एक फेरी तर अचाट आहे. घोडा ज्या क्रमाने घरांत जातो, ते 1 ते 64 आकडे त्या त्या घरात लिहा. मग कोणतीही आडवी ओळ घ्या किंवा उभी, बेरीज 260 च येते! कर्णांची बेरीजही 260 येईल अशी फेरी 64 घरांच्या पटावर शक्यच नाही, हे 2003 मध्ये संगणकाने सगळ्या शक्यता तपासल्यावर सिद्ध झालं. म्हणजे या पटावर जेवढं साधणं शक्य होतं, ते महाराजांनी संगणकाच्या कितीतरी आधी साधलं होतं.

360 पानांचा डाव

दुसरा छंद गंजिफाचा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. आपल्या सावंतवाडीत ही कला आजही जिवंत आहे. तिथल्या दशावतारी गंजिफात 10 अवतारांचे 10 रंग आणि प्रत्येक रंगात 12 पानं, अशी 120 पानं असतात.

आजच्या 52 पत्त्यांची सवय असलेल्याला 120 सुद्धा जास्त वाटतील. पण म्हैसूरच्या महाराजांनी ‘छद’ नावाने जे 13 प्रकार मांडले, त्यांत 36 पानांपासून थेट 360 पानांपर्यंतचे संच आहेत. कुलदेवतेच्या नावाने केलेल्या ‘चामुंडेश्वरी छद’मध्ये 320 पानं! पानांवर देव, ग्रह, पुराणातली पात्रं. म्हणजे खेळणाऱ्याला पुराणं पाठ असली तरच डाव लक्षात राहणार.

पटावरच्या खेळांतही हाच विचार दिसतो. ‘देवी सायुज्य’ या खेळात सोंगटी बाहेरून निघून मधल्या देवीपर्यंत पोचवायची असते. सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता या चार मुक्ती आपल्याकडे कीर्तनांतून ऐकायला मिळतात. त्यातली शेवटची, म्हणजे देवाशी एकरूप होणं, हेच इथे खेळाचं अखेरचं घर. सापशिडीचं मूळ असलेला मोक्षपट आठवा, कल्पना त्याच कुळातली.

महाराजांनी हे सगळं ग्रंथात उतरवून ठेवलं. ‘श्रीतत्त्वनिधी’ हा त्यांच्या आश्रयाने तयार झालेला नऊ भागांचा सचित्र ग्रंथ. देवदेवतांची रूपं, ग्रह, आगम असं सगळं त्यात आहे. ‘कौतुकनिधी’ या भागात खेळ आहेत आणि 122 योगासनांची चित्रंही आहेत. योगाच्या इतिहासाचे अभ्यासक आज याच चित्रांचा आधार घेतात. या ग्रंथाचे काही भाग पुढे मुंबईच्या श्री वेंकटेश्वर छापखान्यातून छापून निघाले. शिवाय 1861 मध्ये बांधलेल्या जगन्मोहन राजवाड्यात त्यांचे पट चक्क भिंतींवर रंगवलेले आहेत.

खरा डाव वेगळाच होता

पण हा राजा नुसता मन रमवत बसला होता, असं समजणं चूक ठरेल. राज्य परत मिळावं म्हणून त्यांचे अर्ज सतत चालू होते, आणि दरवेळी नकार येत होता.

त्यात भर म्हणजे त्यांना वारस नव्हता. 1848 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचं दत्तकविधान डलहौसीने नाकारलं आणि राज्य खालसा केलं. 1854 मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्यही तसंच गेलं. महाराजांच्या मृत्यूनंतर म्हैसूरही आपल्याकडे येईल, असा डलहौसीचा हिशोब होता.

1857 च्या उठावात महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले. तरीही राज्य मिळालं नाही. अखेर 1865 मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी घराण्यातल्या दोन वर्षांच्या चामराजेंद्राला दत्तक घेतलं. कलकत्त्याचं सरकार ते मानायला तयार नव्हतं. मग बाजू लंडनला मांडली गेली आणि प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत पोचला. 1867 मध्ये भारतमंत्री नॉर्थकोट यांनी म्हैसूर खालसा न करण्याचा निर्णय दिला.

पुढच्याच वर्षी, मार्च 1868 मध्ये, महाराज वारले. 1881 मध्ये 18 वर्षांच्या चामराजेंद्राला राज्याचा कारभार परत मिळाला. पन्नास वर्षांनी म्हैसूर पुन्हा वाडियारांच्या हाती आलं. सातारा आणि नागपूरच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही.

आज काय उरलंय?

म्हैसूरमधली रामसन्स कला प्रतिष्ठान ही संस्था जुने पट पुन्हा तयार करून लोकांसमोर आणते. म्हैसूरला गेलात तर मोठा राजवाडा सगळेच बघतात, जगन्मोहन राजवाड्यासाठीही एक तास काढा. आणि घरी बुद्धिबळाचा पट असेल तर आजच एक घोडा कोपऱ्यात ठेवून बघा. 64 घरं, एकही घर दुसऱ्यांदा नाही. किती घरांपर्यंत पोचलात, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!