सूक्ष्म माश्यांचा चित्रगुप्त

कोल्हापूर म्हटले की ऊस आणि गूळ डोळ्यांसमोर उभे राहतात. पंचगंगेच्या काठाने निघालो तर करवीरपासून शिरोळपर्यंत दुतर्फा उसाचे फडच फड दिसतात. त्या फडांत पानाच्या खालच्या बाजूला कधी कधी कागदाच्या छोट्या पट्ट्या टाचलेल्या असतात. शेतकरी त्यांना 'ट्रायकोकार्ड' म्हणतात. एका कार्डावर धान्यातल्या पतंगाची सुमारे वीस हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांच्या पोटात एक परोपजीवी माशी वाढत असते. ही गांधीलमाशीच्या दूरच्या गोतावळ्यातली. पण लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर! कार्डावरून उडाली की ती खोडकिड्याच्या पतंगाची अंडी शोधते आणि त्यांत आपले अंडे घालते. ऊस पोखरणारी अळी जन्माला येण्याआधीच संपते. विष नाही, फवारणी नाही, गाजावाजा नाही.

या माशीचे घराणे ट्रायकोग्रामाचे. एके काळी आपल्याकडील शास्त्रीय लेखांत तिचे नाव 'ट्रायकोग्रामा ऑस्ट्रॅलिकम जिरॉल्ट' असे छापले जाई. प्राण्याच्या शास्त्रीय नावामागे त्याचे पहिले वर्णन करणाऱ्याचे आडनाव लावण्याची पद्धत आहे. मग हा जिरॉल्ट कोण? कीटकशास्त्राच्या जगात हे नाव आजही आदराने, थोड्या वैतागाने आणि बऱ्याचशा हळहळीने घेतले जाते.

उसाच्या रानातला अमेरिकन

अलेक्झांडर आर्सेन जिरॉल्टचा जन्म ९ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, अ‍ॅनापोलिस येथे झाला. घराण्याचे मूळ फ्रेंच. व्हर्जिनियातील पॉलिटेक्निक संस्थेतून १९०३ साली तो पदवीधर झाला आणि सरकारी कृषिखात्यात कीटकांच्या कामाला लागला. पिकांवरच्या किडी पाहता पाहता त्याची नजर त्या किडींच्या वैऱ्यांवर गेली आणि तिथेच जडली. 'चाल्सिड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परोपजीवी माश्या इतक्या लहान की त्यांतल्या काही तर पूर्णविरामाच्या ठिपक्यावर मावतील. आजवर त्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. नोंद न झालेल्या कितीतरी पट अधिक असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

१९११ साली जिरॉल्ट ऑस्ट्रेलियात पोहोचला. क्वीन्सलँड प्रांताच्या ऊस संशोधन खात्याने त्याला उत्तरेकडील नेल्सन या गावी नेमले होते. उसाची मुळे कुरतडणाऱ्या हुमणीचा बंदोबस्त करणे हे त्याचे काम. हुमणीचे दुखणे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको! पण उसाच्या कडेच्या रानात, खिडकीच्या काचेवर, झाडाच्या सालीवर या माणसाला दुसराच खजिना सापडला. जाळे फिरवावे आणि त्यात येणारी जवळपास प्रत्येक सूक्ष्म माशी शास्त्राला अपरिचित निघावी, असा तो प्रदेश होता. क्वीन्सलँड संग्रहालयाच्या ग्रंथमालेत १९१२ पासून त्याची वर्णने ओळीने छापून येऊ लागली. उसावरच्या ट्रायकोग्रामाचे ते नावही १९१२ सालचेच.

नवी जात ठरते कशी?

नवी जात जाहीर करणे म्हणजे एखादे गोंडस नाव सुचवणे नव्हे. माशी काचपट्टीवर ठेवायची, पारदर्शक डिंकात बसवायची, वर काचेचा पातळ पापुद्रा ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. मिशीला पेरे किती, पंखावरच्या केसांच्या रांगा कशा, अंडे घालायची नळी केवढी, पायाचे भाग किती, हे सारे मोजायचे. मग पूर्वी वर्णिलेल्या प्रत्येक भावंडाशी ताडून पाहायचे. फरक पटला तरच वर्णन छापायचे आणि ज्या नमुन्यावरून ते केले तो संग्रहालयात कायमचा जपायचा. पुढे वाद झाला तर तो नमुना हाच अखेरचा साक्षीदार.

जिरॉल्टने आयुष्यात अशा तीन हजारांहून अधिक नावांची नोंद केली. यमाच्या दरबारातल्या चित्रगुप्तासारखा तो या अदृश्य जिवांच्या वह्या भरत राहिला. पण वेगाबरोबर घाई आली. काही वर्णने दोन-चार ओळींची. एकाच काचपट्टीवर अनेक माश्या दाटीवाटीने बसवलेल्या, काचा तडकलेल्या. पुढच्या अभ्यासकांचे डोळे त्या पट्ट्यांवर अक्षरशः शिणले. मदतनीस नाही, पैसा नाही आणि समोर अफाट काम, अशा स्थितीत त्याने आधी नोंद व्हावी, हा मार्ग धरला.

जगाशी उभा दावा

१९१४ मध्ये तो अमेरिकेला परतला, १९१७ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियात आला. क्वीन्सलँडच्या शेतीखात्यात नोकरी मिळाली, सुटली, पुन्हा मिळाली आणि पुन्हा सुटली. वरिष्ठांना हवे होते शेतकऱ्याला लगेच उपयोगी पडणारे काम. जिरॉल्टचे म्हणणे असे की ज्ञानाला बाजारभाव लावू नये. दोन्ही बाजूंत तथ्य होते, पण जिरॉल्टला मध्यम मार्ग ठाऊक नव्हता. संपादक त्याचे लेख नाकारू लागले. तेव्हा १९१७ पासून जवळजवळ वीस वर्षे तो पोटाला चिमटा काढून स्वखर्चाने पत्रके छापत राहिला. चार-चार पानांची ही पत्रके. त्यांत नव्या माश्यांची वर्णने, मधेच एखादी कविता, मधेच व्यापारी वृत्तीच्या शास्त्रज्ञांवर आसूड.

एका पत्रकात तर त्याने न आवडणाऱ्या एका सहकाऱ्याच्या नावावरून चक्क एक कीटक निर्माण केला. तो कीटक म्हणजे निव्वळ पोकळी, त्याला सावलीही नाही, असे त्याचे गंभीर शास्त्रीय थाटातले वर्णन! आवडत्या माणसांवर मात्र त्याचा जीव होता. एका माशीच्या नावात त्याने गटे आणि शेक्सपिअर यांना एकत्र बसवले, तर दुसरीच्या नावात मोझार्ट आणि बीथोव्हेन यांना. ज्यांना धान्याच्या कणाएवढेही शरीर नाही, त्यांना त्याने जगातली सर्वांत मोठी नावे दिली.

घरात मात्र ओढाताण होती. मुलाबाळांचा संसार, उत्पन्नाचा भरवसा नाही. पत्नी अकाली गेली. पुढे मनाचा तोल ढळला आणि मनोरुग्णालयाची वाट धरावी लागली. १९४१ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, हा माणूस जवळजवळ विस्मृतीतच गेला.

नाव कुणाचे, माशी कुणाची?

त्याच १९४१ साली जपानमध्ये इशी नावाच्या शास्त्रज्ञाने ट्रायकोग्रामाच्या एका जातीला 'चिलोनिस' हे नाव दिले. त्या वेळी या दोन घटनांचा संबंध कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. इकडे भारतात उसावरच्या माशीला जिरॉल्टच्याच नावाने ओळखत. १९६० च्या दशकात बंगळूर येथील राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या केंद्रात डॉ. सुधा नागरकट्टी आणि डॉ. एच. नागराजा यांनी या माश्यांचे संकर करून पाहिले, नरांच्या जननेंद्रियांची सूक्ष्म रचना तपासली. तेव्हा गुंता सुटू लागला. १९७९ पर्यंत स्पष्ट झाले की आपल्या उसावरची माशी जिरॉल्टची नव्हे, ती चिलोनिस. आज ट्रायकोकार्डावर हेच नाव असते. सारख्या दिसणाऱ्या दोन जातींपैकी एकीला ऊस मानवतो, दुसरीला नाही. एक उन्हाळा सोसते, दुसरी नाही. म्हणून ओळख चुकली तर सोडलेल्या लाखो माश्या वाया जातात आणि नुकसान शेतकऱ्याचे होते.

पण चित्रगुप्ताची वही एवढ्यावर मिटली नाही. २००५ नंतर पिठ्या ढेकणाने भारतातील कापसावर धाड घातली. काही वर्षांतच एक इवलीशी माशी आपणहून या ढेकणाचा फडशा पाडू लागली. अलीगढचे डॉ. मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये ती नवी जात म्हणून वर्णिली आणि राष्ट्रीय कीड व्यवस्थापन केंद्राचे डॉ. बंबावाले यांचे नाव तिला दिले. मराठी कानाला ओळखीचे आडनाव एका उपकारक माशीला लाभले. पुढे २०१४ साली इराणमधील अभ्यासकांनी जुने नमुने ताडून दाखवले, की हीच माशी १९१५ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या नावाने नोंदली गेली होती. नोंदणारा अर्थातच जिरॉल्ट! शास्त्राचा नियम असा, की पहिले नाव तेच खरे. ज्याने उपयोगाचा हिशेब धुडकावून लावला, त्याच्या वहीतली माशी शंभर वर्षांनी कापूस उत्पादकाच्या कामी आली.

त्याची विखुरलेली पत्रके १९७९ साली अमेरिकेत एकत्र छापली गेली. तडकलेल्या काचपट्ट्यांची यादी करण्याचे काम क्वीन्सलँड संग्रहालयाने वर्षानुवर्षे केले. स्वखर्चाने छापलेल्या त्या चिटोऱ्यांतली नावेही आज शास्त्रात ग्राह्य आहेत. त्यांना वगळून कोणालाच पुढे जाता येत नाही.

आपल्या कोल्हापुरातही ही वही भरली गेली आहे. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. टी. व्ही. साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिसरातील परोपजीवी माश्यांच्या नव्या जाती शोधून वर्णिल्या. सह्याद्रीच्या कुशीत, गुऱ्हाळामागच्या बांधावर, आपल्या परसातल्या कढीपत्त्याच्या पानाखाली अजून किती अनाम जीव असतील! मुले विचारतात, एवढ्याशा माशीला नाव देऊन काय मिळते? जिरॉल्टला हयातीत फारसे काही मिळाले नाही. मिळाले ते आपल्याला. म्हणून फडात टाचलेली ती कागदी पट्टी दिसली, तर क्षणभर थांबून या भांडखोर, कफल्लक माणसाचीही आठवण ठेवायला हरकत नाही.