उंदराची मिरवणूक काढणारे प्रोफेसर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं कमिटीने सांगितलं तेव्हा आधी वाटलं, सोसायटीचा इतिहास लिहावा. पण तो इतर मंडळी लिहिणारच आहेत. शिवाय मी सेक्रेटरी होतो त्या काळाबद्दल लिहायला गेलो, तर निम्मा लेख ओला कचरा-सुका कचरा या विषयावरच संपेल! त्या वर्षांत मी बोर्डावर किती नोटिसा लावल्या त्याची गणती नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे सर्क्युलर काढलं की काम झालं, अशी माझी समजूत. सोसायटीने ती समजूत काढून टाकली.

म्हणून आज एका अशा माणसाबद्दल लिहितो, ज्याने नोटीस न लावता अख्खं शहर साफ करून घेतलं. नाव सर पॅट्रिक गेडीस. नगररचना शिकणारी मुलं त्यांना त्या शास्त्राचा एक जनक मानतात. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मात्र इंदूरला. बदलीवर तिथे होतो तेव्हा आमचे घरमालक, होळकरांच्या नोकरीतल्या जुन्या मराठी कुटुंबातले, दिवाळीत एका गोऱ्या साहेबाची आणि भल्यामोठ्या उंदराची गोष्ट सांगायचे. मला ती थापच वाटायची. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं, गोष्ट खरी आहे.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या लहान गावी झाला. हो, आपल्या गांधीजयंतीचीच तारीख. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. पर्थ या गावाजवळ टेकडीवर त्यांचं छोटं घर आणि भोवती बाग. मुलाला त्यांनी आधी बाग शिकवली. बटाटे लावणं, झाडं छाटणं, दगड वेचून कुंपण नीट करणं, हे सगळं वडिलांबरोबर करतच पॅट्रिक मोठा झाला.

शाळा संपल्यावर वडिलांनी मुलाला कुठे चिकटवावं? बँकेत! नॅशनल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पर्थ शाखेत या मुलाने सुमारे दीड वर्ष उमेदवारी केली. काम चोख केलं, पण मन रमलं नाही. वडिलांशी ठरल्याप्रमाणे मुदत भरली आणि त्याने बँक सोडली. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवलं. आमच्यापैकी कित्येकांचं मन रमलं नव्हतं, पण आम्ही मुदत वाढवत राहिलो.

बँक सोडल्यावर त्याने सुताराच्या कारखान्यात जाऊन रंधा-पटाशी चालवायला शिकून घेतलं, चित्रकलेचा वर्ग केला आणि घरीच रसायनशास्त्राचे प्रयोग मांडले. पुढे एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडलंही. मग लंडनला थॉमस हक्सली या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली काही वर्षं काढली. पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. पुढे प्रोफेसर झालेल्या या माणसाकडे बी.ए.चं सर्टिफिकेटसुद्धा नव्हतं, हे आपल्या नातवंडांना सांगावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

१८७९ साली नमुने गोळा करायला ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांनी त्यांना कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पंचविशीतला, सूक्ष्मदर्शकावर पोट भरणारा तरुण, त्याची काय अवस्था झाली असेल! त्या अंधारात हात चाचपडताना खिडकीच्या चौकटीतले काचेचे चौकोन त्यांच्या बोटांना लागले. एकेका चौकोनात एकेक विचार ठेवायचा, असं त्यांनी सुरू केलं. मग कागदाच्या घड्या घालून तसेच चौकोन करायला लागले. गाव, काम आणि माणसं या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे ते त्या घड्यांवर मांडून बघत. दृष्टी हळूहळू परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्तास काम करणं आता जमेना. घडीच्या कागदाची सवय मात्र जन्मभर राहिली. किड्या-पानांवरून त्यांची नजर माणसांच्या वस्तीकडे वळली ती अशी.

१८८६ मध्ये अॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. नवं जोडपं बंगला बघेल की नाही? या दोघांनी एडिंबरोच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या मोडकळीला आलेल्या चाळवजा वस्तीत बिऱ्हाड थाटलं. उंच जुन्या इमारती, अंधारे जिने, एकेका खोलीत एकेक कुटुंब. गेडीसनी भाषण केलं नाही. चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन भिंती रंगवायला सुरुवात केली, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या लावल्या. बघायला आलेल्या शेजाऱ्यांच्या हातात हळूच कुंचला दिला. पुढे आजूबाजूची जुनी घरं दुरुस्त करून त्यात विद्यार्थ्यांची वसतिगृहं काढली. या दुरुस्त्यांच्या नादात त्यांच्या स्वतःच्या हिशेबाचे पार बारा वाजले. बँकवाला म्हणून सांगतो, मी त्यांना कर्ज मंजूर केलं नसतं.

१८८८ पासून ते डंडी इथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पण त्यांची खरी शाळा एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा. १८९२ मध्ये तो त्यांनी घेतला आणि आउटलुक टॉवर असं नाव दिलं. आलेल्या माणसाला आधी थेट वर नेत. वर एक अंधारी खोली. छतात आरसा आणि भिंग बसवलेलं, त्यातून बाहेरचं जिवंत शहर खाली पांढऱ्या टेबलावर उमटायचं. रस्त्यावरून जाणारी माणसं टेबलावर चालताना दिसायची. मग एकेक मजला उतरत यायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एडिंबरो शहर, त्याखाली स्कॉटलंड, असं करत युरोप आणि तळाशी सगळं जग. सगळीकडे नकाशे, चित्रं, मातीच्या आणि लाकडाच्या प्रतिकृती. आधी आपली गल्ली समजून घ्या, जग मग समजेल, असा त्याचा अर्थ.

शिक्षणाबद्दल त्यांचं म्हणणं असं की शाळा डोक्यापासून सुरू करतात ती चूक. आधी मन, मग हात, मग डोकं. मुलाला आधी गोष्ट आवडली पाहिजे, मग त्याने ती वस्तू हाताने करून बघितली पाहिजे, म्हणजे पुस्तक आपोआप कळतं. स्वतःच्या तीन मुलांना त्यांनी लहानपणी शाळेत न घालता घरीच बाग, सुतारकाम, संगीत असं शिकवलं. १९१२ साली एडिंबरोमध्ये त्यांनी माणसाच्या शिक्षणाचा सगळा इतिहास शेकडो माणसांना पोशाख घालून नाटकासारखा रंगवला. व्याख्यानात मात्र ते फारसे चमकत नसत. दाढीत पुटपुटायचे, अक्षर लागायचं नाही, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. म्हणूनही असेल, त्यांना प्रदर्शनं आणि प्रतिकृतींचा आधार वाटायचा.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना हिंदुस्थानात बोलावलं. शहरांवरचं त्यांचं मोठं प्रदर्शन, वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं, वेगळ्या बोटीने निघालं. महायुद्ध सुरू झालेलं. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. एम्डेनचं नाव आपल्या आजी-पणजीच्या पिढीने ऐकलेलं असणार, मद्रासवर गोळे टाकणारी हीच ती. साठ वर्षांच्या माणसाची आयुष्याची कमाई समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांनी तिकडे धावपळ करून नवे नकाशे पाठवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंसुद्धा.

नंतरच्या काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातल्या जवळपास पन्नास गावांचे अहवाल लिहिले, त्यात आपल्या मुंबई इलाख्यातली गावंही होती. त्या वेळच्या इंजिनिअरांची पद्धत म्हणजे नकाशावर पट्टी ठेवायची आणि सरळ रस्ता काढायचा, मधली घरं पाडायची. गेडीस उन्हातान्हात गल्लीगल्ली पायी फिरायचे. कुठलं घर खरंच पडलंय, कुठल्या विहिरीवर बायका पाणी भरतात, कुठल्या पाराखाली म्हातारे बसतात, ते सगळं हातातल्या नकाशावर टिपायचे. पडलेली घरं तेवढी काढा, तिथे लहानसा चौक करा, झाड लावा, बाकीच्यांना हात लावू नका. निष्णात सर्जन जसा लागेल तेवढंच कापतो, तसं. डास होतात म्हणून तळी बुजवायला निघालेल्यांना ते सांगत, तळ्यात मासे आणि बदकं सोडा, डासांची अंडी-अळ्या ती खातील.

१९१७ साल त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. थोरला मुलगा अॅलॅस्डेअर, वडिलांच्या कामाचा वारस, एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये रणांगणावर मारला गेला. त्याच वेळी अॅनाबाई इथे हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळलेल्या. मुलगा गेल्याची बातमी गेडीसनी त्यांना सांगितली नाही. ते दुःख एकट्याने पोटात ठेवून ते तिच्याजवळ बसत. काही आठवड्यांत त्याही गेल्या. मी स्वतः या वाटेने गेलो आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, त्यानंतर माणूस खोलीचं दार लावून बसला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं.

ते इंदूरला गेले. तुकोजीराव होळकरांचं राज्य, आणि शहरात प्लेगची दहशत. गेडीस नकाशा घेऊन गल्लीत शिरले की लोक दारं लावून घेत. हा साहेब आला म्हणजे घर पाडणार, असंच लोकांना वाटायचं. तेव्हा त्यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली. मला एका दिवसाचा महाराजा करा! आणि ती मंजूर झाली.

शहरात दवंडी पिटली गेली. यंदा दिवाळीला नव्या तऱ्हेची मिरवणूक निघणार. ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्यांमधली घरं सगळ्यात जास्त झाडून-पुसून, डागडुजी करून, रंगवून तयार असतील, त्याच गल्ल्यांतून जाणार. कचरा दारातून फुकट उचलला जाईल. झालं! जो तो आपल्या गल्लीसाठी ईर्ष्येने कामाला लागला. सहा आठवड्यांत सहा हजारांहून जास्त गाड्या कचरा निघाला, हजारो उंदीर पकडले गेले.

दिवाळीला मिरवणूक निघाली. पुढे घोडदळ, हत्ती, उंट. मग घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि त्याच्यामागे प्लेगचा राक्षसी उंदीर, अंगावर मोठाल्या पिसवा थरथरताहेत. पडक्या, अंधाऱ्या घरांच्या प्रतिकृती गाड्यांवर. त्यानंतर शहरातले सफाई कामगार, नवे पांढरे कपडे घालून, झाडूंना फुलांचे हार. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैल धुऊन सजवलेले. ज्यांची सावलीसुद्धा लोक टाळत, ते त्या दिवशी मानकरी होते. मग इंदूर नगरीची देवता, होणाऱ्या नव्या घरांच्या आणि वाचनालयासारख्या इमारतींच्या प्रतिकृती, गवंडी-कुंभारासारखे कारागीर. सगळ्यात शेवटी मुलांना मिठाई आणि घरोघरी देण्यासाठी तुळशीची रोपं, छोट्या छोट्या कुंड्यांतून. राक्षस आणि उंदीर दोन्ही शेवटी जाळले, वर आतषबाजी.

प्लेग ओसरला. त्याचा हंगामही तसा संपत आला होता, ते गेडीसनाही ठाऊक होतं. पण रावणदहन बघत मोठ्या झालेल्या लोकांना पिसू, उंदीर आणि घाण यांचा संबंध एका रात्रीत कळला. त्यानंतर हा म्हातारा गल्लीत शिरला की दारं लागत नसत. उंदीर घालवणारा साहेब म्हणून लोक त्याला घराची अडचण दाखवायला पुढे येत. आणि मग त्याच लोकांच्या मदतीने त्यांनी १९१८ चा तो दोन खंडांचा इंदूर अहवाल पुरा केला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र विभाग काढला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडीसच. तिथे आपल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी हेरलं आणि पुढच्या अभ्यासासाठी विलायतेला जायला मदत केली. १९२४ मध्ये त्यांच्याच जागी घुर्ये आले आणि समाजशास्त्रातले मोठे नाव झाले. मुंबईहून गेडीस दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए इथे गेले आणि सत्तरीत पुन्हा दगड रचून, बाग लावून विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बांधायला लागले. १९३२ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तिथेच त्यांचं निधन झालं.

इंदूर २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिलं येतंय, त्याचं श्रेय आजच्या इंदूरकरांना आणि तिथल्या सफाई कामगारांना आहे. पण पेपरात ती बातमी आली की मला आमचे घरमालक आणि त्यांचा उंदीर आठवतो.

आता थोडं आपलं. मी बोर्डावर लावलेल्या नोटिसांत कायदा होता, दंड होता, माझी सही आणि सोसायटीचा शिक्काही होता. गोष्ट नव्हती, आणि कोणाच्या हाताला काही काम नव्हतं. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सोसायटीच्या मुलांनी पुठ्ठ्याची आपली सोसायटी करावी, चारही विंग, पाण्याची टाकी, गेटजवळचा गुलमोहर आणि तुंबणारं गटारसुद्धा, असं मी कमिटीला सुचवलं आहे. पुठ्ठा आणि डिंक माझ्याकडून. आणि त्या दिवशी पहिला हार कोणाच्या गळ्यात घालायचा हे ठरवताना, रोज सकाळी सहा वाजता आपला जिना झाडणाऱ्या ताईंचा विचार व्हावा. त्यांचं पूरं नाव मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. परवा विचारलं.