भारताला ऑलिम्पिकमध्ये हर्डल्सचं मेडल मिळालंय, तेही 1900 साली. पण ते आपलं की ब्रिटिशांचं यावरून अजून वाद आहे

जालन्याच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीच्या तेजस शिरसेनं मे 2024 मध्ये फिनलंडमध्ये 110 मीटर हर्डल्स 13.41 सेकंदात पूर्ण केली आणि राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हा आपल्याकडं अनेकांना पहिल्यांदा कळलं की हर्डल्स म्हणजे अडथळ्यांची शर्यत आणि त्यातही सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडावं लागतं.

पण या खेळात भारताच्या नावावर ऑलिम्पिकचं सिल्व्हर मेडल आहे, आणि ते सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे.

ते जिंकणाऱ्याचं नाव नॉर्मन प्रिचर्ड. आईवडील इंग्रज, जन्म 1875 चा, कोलकात्यातला. शिक्षण तिथल्याच सेंट झेवियर्समध्ये. गडी पळण्यात असा तयार की 1894 ते 1900 अशी सलग सात वर्षं बंगालची 100 यार्डांची शर्यत दुसऱ्या कुणाला जिंकू दिली नाही. फुटबॉलही तसाच. 1897 मध्ये शोवाबाजार क्लबविरुद्ध त्यानं तीन गोल केले आणि भारतातल्या फुटबॉलमधली पहिली हॅट्ट्रिक म्हणून आजही त्याचंच नाव सांगितलं जातं.

1900 साली तो इंग्लंडला गेला. लंडनच्या एएए स्पर्धेत 120 यार्ड हर्डल्समध्ये दुसरा आला. पहिला होता अमेरिकेचा अल्विन क्रेन्झलीन. हे नाव लक्षात ठेवा, कारण थोड्याच दिवसांत पॅरिसला पुन्हा हाच माणूस प्रिचर्डच्या पुढं पळणार होता.

आता पॅरिसचं ऑलिम्पिक म्हटल्यावर डोळ्यांसमोर स्टेडियम, मशाल वगैरे आणू नका. ते ऑलिम्पिक जागतिक प्रदर्शनाला जोडून भरवलेलं होतं. शर्यती एका बागेतल्या क्लबच्या गवतावर झाल्या, मधे झाडंसुद्धा होती. आखीव ट्रॅक नाही, नीट सपाट जमीन नाही.

16 जुलैला 200 मीटर हर्डल्सची फायनल झाली. आजच्या 110 मीटरला अडथळे साधारण 106 सेंटिमीटर उंच असतात. 200 मीटरचे त्या मानानं बुटके, त्यामुळं उडी घेण्यापेक्षा दोन अडथळ्यांमधला वेग जास्त कामाला येतो. प्रिचर्ड मुळात धावपटू, त्याला हे सोयीचं होतं. क्रेन्झलीन 25.4 सेकंदांत पहिला, प्रिचर्ड 26.6 सेकंदांत दुसरा. त्याच ऑलिम्पिकमध्ये 110 मीटर हर्डल्सच्या फायनलपर्यंतही तो पोचला होता, पण शर्यत पूर्ण झाली नाही. मग 22 जुलैला साध्या 200 मीटरमध्ये अमेरिकेच्या वॉल्टर टेक्सबरीनंतर तो पुन्हा दुसरा. एका आठवड्यात दोन सिल्व्हर.

200 मीटर हर्डल्स नंतर 1904 ला एकदाच झाली आणि ऑलिम्पिकमधून कायमची गेली.

खरी भानगड पुढं आहे. त्या काळी राष्ट्रीय संघ, निवड समिती, झेंडा असलं काही पक्कं नव्हतं. क्लबतर्फे किंवा स्वतःच्या खर्चानं येऊन लोक पळत. ब्रिटिश इतिहासकार म्हणतात, हा इंग्रज माणूस, लंडनच्या स्पर्धेतून पुढं आलेला, म्हणजे मेडल ब्रिटनचं. भारताची बाजू अशी की जन्म, शिक्षण, खेळ सगळं कोलकात्याचं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ही मेडलं भारताच्या खात्यात धरते. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं मात्र 2004 च्या ऑलिम्पिकच्या आकडेवारीत त्याला ब्रिटनकडं टाकलं.

याचा परिणाम आपल्याला बातम्यांमध्ये दिसतो. 2021 ला नीरज चोप्रानं भाला फेकला तेव्हा काहींनी ॲथलेटिक्समधलं भारताचं पहिलं मेडल लिहिलं, तर काहींनी 121 वर्षांनंतरचं. 2024 ला मनू भाकरनं एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन मेडल घेतली तेव्हा स्वतंत्र भारताची पहिली असं जपून लिहावं लागलं. ते जपणं प्रिचर्डमुळं. माझं मत विचाराल तर समितीच्या यादीत आहे तोवर मेडल आपलं, पण प्रिचर्डला स्वतःला हा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही. त्या काळात कोलकात्याचा इंग्रज दोन्हीकडचा असे.

परत आल्यावर तो इंडियन फुटबॉल असोसिएशनचा सेक्रेटरी झाला, 1902 पर्यंत राहिला. 1905 ला तो कायमचा इंग्लंडला गेला आणि तिथं नाटकात शिरला. पुढं अमेरिका, ब्रॉडवे, आणि मग मूकपटांचं हॉलिवूड. तिथं नाव बदलून नॉर्मन ट्रेव्हर. क्लारा बो असलेल्या डान्सिंग मदर्समध्ये तो आहे. त्याच 1926 सालच्या ब्यू जेस्टमध्ये, रोनाल्ड कोलमनबरोबर, तो मेजरच्या भूमिकेत दिसतो.

बोलपट आले आणि दोन-तीन वर्षांत मूकपटांचा काळ संपला. ऑक्टोबर 1929 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकमध्ये प्रिचर्ड वारला. सिनेमाच्या जगात तो नॉर्मन ट्रेव्हर म्हणूनच ओळखला जात होता.