खिशात ओकचं बी घेऊन फिरणारा अ‍ॅडमिरल. दोन पोरींची आठवण काढत समुद्रातच गेला

पुण्यतिथी विशेष

दापोली, गुहागर, राजापूरकडे बोटीवर जाणाऱ्या माणसांची घरं आपल्याला नवीन नाहीत. माणूस आठ-नऊ महिने पाण्यावर आणि घरची माणसं फोनची वाट बघत. पण जेव्हा फोन नव्हता, पत्राला उत्तर यायला महिने लागायचे, तेव्हा जवळजवळ सात वर्षं घराचं तोंड न बघितलेला एक मोठा दर्यावर्दी इंग्लंडात होऊन गेला. अ‍ॅडमिरल कथबर्ट कॉलिंगवुड. आज 7 मार्च, त्यांची पुण्यतिथी. 1810 साली याच दिवशी, घरी निघालेल्या जहाजावर त्यांनी प्राण सोडला.

ट्रॅफल्गरची लढाई म्हटली की नेल्सनचं नाव सगळ्यांना आठवतं. त्याच लढाईत शत्रूच्या रांगेत पहिलं जहाज घुसवणारे आणि नेल्सन पडल्यावर सगळं आरमार सांभाळणारे ते हे कॉलिंगवुड.

बाराव्या वर्षी जहाजावर

इंग्लंडच्या उत्तरेला टाइन नदीकाठी न्यूकॅसल हे शहर आहे. तिथे 26 सप्टेंबर 1748 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी, पण धंदा बेताचा आणि घरात खाणारी तोंडं जास्त. त्या काळी अशा घरातल्या पोरांना आरमारात धाडायची रीत होती. कथबर्टलाही 1761 साली, बाराव्या वर्षी, एका नातेवाईक कप्तानाच्या जहाजावर पाठवलं. पहिल्या दिवशी पोरगा एका कोपऱ्यात बसून रडत होता. एका अधिकाऱ्याने जवळ घेऊन विचारपूस केली, तेव्हा त्याने आपली पेटी उघडली आणि आईने बांधून दिलेल्या केकचा मोठा तुकडा त्याच्यापुढे धरला, असं सांगतात.

बढती मात्र लवकर मिळाली नाही. पाठीशी कोणी वजनदार माणूस नव्हता. अमेरिकेत 1775 साली बंकर हिलच्या लढाईत चांगलं काम केलं तेव्हा कुठे लेफ्टनंट झाले, वय 26. वेस्ट इंडिजच्या बाजूला असताना नेल्सनशी त्यांची घट्ट दोस्ती जमली. नेल्सन दहा वर्षांनी लहान, पण बढतीत पुढे. नेल्सन एक जहाज सोडून वर जायचा आणि त्याच जागेवर कॉलिंगवुड यायचे, असं बऱ्याचदा झालं. त्यावरून दोघांत कधी वाकडं आलं नाही.

1794 च्या एका मोठ्या लढाईत ते लढले, पण पदकांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पुढे 1797 साली सेंट व्हिन्सेंटच्या लढाईसाठी पदक मिळालं, तेव्हा आधीचं पदक दिल्याशिवाय हे घेणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेवटी दोन्ही पदकं मिळाली.

संसार झाला, पण घर लाभलं नाही

लग्न झालं 1791 साली, म्हणजे वय चाळिशीच्या पुढे गेल्यावर. बायको सारा ब्लॅकेट, न्यूकॅसलच्या महापौरांची मुलगी. न्यूकॅसलच्या उत्तरेला मॉर्पेथ गावात त्यांनी घर केलं. 1792 आणि 1793 साली दोन मुली झाल्या. पण 1793 लाच फ्रान्सशी लढाई पेटली आणि घर सुटलं.

मध्ये 1802 साली तह झाला तेव्हा साधारण एक वर्ष घरी मिळालं. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तोच. हा अ‍ॅडमिरल बागेत बटाटे लावायचा, माळ्याबरोबर कुदळ घेऊन चर खणायचा. एकदा दुसरा एक अ‍ॅडमिरल भेटायला आला. सगळी बाग शोधली, माणूस सापडेना. शेवटी एका खोल चराच्या तळाशी माळ्यासोबत खणत असलेले सापडले.

फिरायला निघाले की खिशात ओकचं बी भरलेलं असायचं. जाताजाता बांधाला, कुंपणाच्या कडेला, मोकळ्या जागेत ते बी मातीत दाबायचे. कारण साधं होतं. लढाऊ जहाजं ओकच्या लाकडाची. नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाला सुमारे 6,000 झाडं लागली होती, त्यातली बहुतेक ओकची. ओकचं झाड जहाजाला लायक व्हायला शंभरेक वर्षं लागतात. जुनी जंगलं तुटत चालली होती आणि नवीन लावणारं कोणी दिसत नव्हतं. आपण लावलेल्या झाडाची फळी आपण बघणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी लावत राहिले.

चाबकाशिवाय शिस्त

1803 साली लढाई परत सुरू झाली. कॉलिंगवुड निघाले, ते परत घरी आलेच नाहीत.

त्या काळात खलाशांना चाबकाचे फटके ही रोजची गोष्ट होती. कॉलिंगवुड यांना ते पटत नसे. चुकलेल्याची दारू पातळ करायची, जास्तीचं काम लावायचं, अशा शिक्षेवर ते भागवायचे. खलाशांशी नीट बोललं पाहिजे, असं अधिकाऱ्यांना बजावून ठेवलेलं. दुसऱ्या जहाजावर बंडाळी करणारी माणसं वरिष्ठ मुद्दाम त्यांच्याकडे पाठवायचे. तोफांचा सराव मात्र असा कडक, की त्यांच्या ड्रेडनॉट जहाजावर एका बाजूच्या सगळ्या तोफा साडेतीन मिनिटांत तीनदा उडायच्या. इतर जहाजांना ते जमत नसे.

21 ऑक्टोबर 1805 ला स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रॅफल्गरची लढाई झाली. इंग्रजांची 27 जहाजं, समोर फ्रान्स आणि स्पेनची मिळून 33. कॉलिंगवुड यांचं रॉयल सॉव्हरिन सगळ्यांच्या पुढे निघालं आणि पंधरा-वीस मिनिटं एकटंच शत्रूच्या गराड्यात लढलं. नेल्सनला गोळी लागली आणि संध्याकाळच्या आत ते गेले. लढाई जिंकली, पण कॉलिंगवुड यांचा जिवलग दोस्त गेला आणि सगळी जबाबदारी अंगावर पडली. त्यातच मोठं वादळ सुटलं, ते आठवडाभर चाललं. पकडलेल्या जहाजांपैकी चारच हाती राहिली. नांगर का टाकला नाही, म्हणून मागाहून त्यांच्यावर टीकाही झाली. पण इंग्रजांचं एकही जहाज त्यांनी बुडू दिलं नाही. आणि जखमी स्पॅनिश कैद्यांना त्यांनी उपचारासाठी कादिझला त्यांच्याच माणसांकडे पाठवून दिलं.

पदवी मिळाली, पण मुलींना नाही

सरकारने त्यांना लॉर्ड केलं आणि वर्षाला 2,000 पौंड पेन्शन ठरवली. पण लॉर्डची पदवी बापाकडून मुलाकडे जायची, आणि कॉलिंगवुड यांना मुलगा नव्हता. ही पदवी माझ्या मुलींकडे जाऊ द्या, अशी विनंती त्यांनी केली. ती नाकारली गेली. मुलगी वारस नको, ही अडचण त्या काळी तिकडच्या लॉर्डालाही चुकली नाही.

त्यांनी मुलींवर दुसऱ्या वाटेने मेहनत घेतली. जहाजावरून पत्रं लिहून अभ्यास विचारायचे. भूमिती शिकवा, हिशेब येऊ द्या, अक्षर आणि भाषा स्वच्छ असू द्या, असा आग्रह. नवीन मोठेपणामुळे घरात खर्च वाढतोय असं दिसलं की त्याचीही काळजी करायचे. झाडं लावत राहा, हे सांगणंही चालूच होतं. पोरी मात्र बापाशिवाय मोठ्या होत होत्या.

सोबतीला बाउन्स नावाचा कुत्रा होता. वर्षानुवर्षं तो जहाजावर त्यांच्यासोबत राहिला. 1809 साली तोही समुद्रात पडून गेला.

स्पेनच्या कादिझपासून तुर्कस्तानापर्यंतचा सगळा समुद्र त्यांच्या अखत्यारीत होता. एका वेळी तर सलग 22 महिने त्यांनी नांगरच टाकला नाही. पोटाचं दुखणं वाढत गेलं. 1808 मध्ये त्यांनी घरी येण्याची परवानगी मागितली. तुमच्या जागी दुसरा माणूस नाही, असं सांगून वरच्यांनी थांबवलं. ते थांबले. 1810 साली उभं राहवेना तेव्हा सुटका झाली. 6 मार्चला मिनॉर्का बेटावरून जहाज इंग्लंडकडे निघालं आणि दुसऱ्याच दिवशी ते गेले. वय 61. त्यातली सुमारे 44 वर्षं पाण्यावर गेली. लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये नेल्सनच्या शेजारी त्यांना पुरलं. लॉर्डची पदवी त्यांच्याबरोबरच संपली.

ओक उरले, आणि मुंबईचं सागवानही

याच आरमाराच्या जोरावर इंग्रजांनी पुढे आपल्यावर राज्य केलं, हेही विसरून चालणार नाही. ओकची जी टंचाई कॉलिंगवुड यांना दिसत होती, तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. लाकूड कमी पडू लागल्यावर इंग्रजांनी मुंबई गोदीत सागवानी लढाऊ जहाजं बांधून घेतली. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी बांधलेलं मिंडेन 1810 साली, म्हणजे कॉलिंगवुड गेले त्याच वर्षी, पाण्यात उतरलं. जमशेटजी वाडियांच्या हातचं त्रिंकोमाली ऑक्टोबर 1817 मध्ये उतरलं, खडकीच्या लढाईच्या आदल्या महिन्यात. ते सागवानी जहाज आजही तरंगतं आहे, आणि तेही कॉलिंगवुड यांच्याच मुलखात, न्यूकॅसलच्या दक्षिणेला हार्टलपूलच्या गोदीत.

टाइन नदीच्या मुखाशी टाइनमाउथला समुद्राकडे तोंड करून त्यांचा पुतळा उभा आहे, पायथ्याशी रॉयल सॉव्हरिनच्या चार तोफा. त्यांनी लावलेले ओक जहाजाला लायक होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली होती. त्यामुळे त्या झाडांवर कुऱ्हाड चालवायची गरजच पडली नाही. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे ओक त्या भागात आजही उभे आहेत.