लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून, १८६९ – २६ सप्टेंबर, १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे जनक होते. भारतीय शेतकऱ्याला परवडतील व मानवतील अशी लोखंडी शेतीची अवजारे व यंत्रे देशातच तयार करणाऱ्या आद्य कारखानदारांत त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय शिक्षणापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. मात्र काही रंग ओळखण्यात अडचण येत असल्याचे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले व यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला. पुढे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. रिकाम्या वेळी संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रे खोलून, जोडून त्यांनी यंत्रविद्या हस्तगत केली.

बेळगावातील उद्योग

मुंबईत नोकरी करत असतानाच लक्ष्मणरावांनी थोरले बंधू रामचंद्रराव ऊर्फ रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलविक्रीचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत. किर्लोस्कर बंधू हे नाव या भागीदारीतून पुढे आले. कंपनी आपली स्थापना १८८८ पासून मोजते. बेळगावातील एक रस्ता आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

नोकरीत बढतीच्या वेळी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाल्यामुळे लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. लहानशा कर्मशाळेत त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जात असली, तरी लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज त्या काळी रूढ होता. त्यामुळे सुमारे दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. तरीही लक्ष्मणरावांनी नांगराचे उत्पादन सोडले नाही. शेतकऱ्यांना त्याची उपयुक्तता पटत गेली, तशी मागणी वाढली.

किर्लोस्करवाडीची स्थापना

धंद्याचा जम बसू लागला असतानाच नव्या वस्तीच्या योजनेसाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. नवी जागा घेण्याइतके भांडवल किर्लोस्कर बंधूंजवळ नव्हते. याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी औंध येथील बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे सोपवले होते. ही अडचण कळताच त्यांनी संस्थानातील कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची जमीन व बिनव्याजी कर्ज देऊ केले.

ही जमीन ३२ एकरांचे निवडुंगाने व्यापलेले, सापांचा सुळसुळाट असलेले माळरान होते. १० मार्च, १९१० रोजी तेथे वसाहतीचा प्रारंभ झाला. शंभोपंत जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर व के.के. कुलकर्णी हे सहकारी लक्ष्मणरावांबरोबर होते. कारखान्याबरोबरच घरे व शाळा उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. शिक्षा भोगलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकण्याइतका लक्ष्मणरावांचा माणसांवर विश्वास होता. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

विस्तार

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड व दगडी कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा मोडीतले लोखंड आणि लोणारी कोळसा यांवर ओतकाम चालू ठेवण्यात आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही संयुक्त भांडवली कंपनी स्थापन झाली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाण्याचे पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून वाढलेले हे नियतकालिक पुढे किर्लोस्कर या नावाने मराठी वाङ्मयविश्वात प्रतिष्ठा पावले.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये परतले आणि उद्योगात सामील झाले. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रहत्यारांचा कारखाना, तर १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. शेतीच्या अवजारांपासून सुरू झालेला उद्योग अशा रीतीने डिझेल इंजिने व विद्युत मोटारींपर्यंत पोहोचला.

उत्तरायुष्य

१९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लक्ष्मणरावांना आपल्या आयुष्याच्या कामाची राख पाहावी लागली. मात्र कारखाना पुन्हा उभारून उत्पादन सुरू करण्यात आले. २६ सप्टेंबर, १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले. त्यांनी वसवलेल्या गावाचे नाव पुढे कुंडल रोड स्थानकालाही देण्यात आले. किर्लोस्करवाडीत आजही पंपांची निर्मिती होते.